रुमालातले दात

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ घडला आणि त्यातला निम्मा मी अजून कुणाला सांगितलेला नाही. पण हा एक असा आहे, की मी नाही सांगितला तरी गावातली एखादी म्हातारी सांगेलच. तेव्हा आपणच सांगितलेला बरा. धाराशिवच्या दातांच्या डॉक्टरनं माझे दात साफ केले, आणि खरवडून जे निघालं ते मी त्याच्या भांड्यातून बोटानं वेचून, रुमालात गाठ मारून घरी आणलं. भर अंगणात सगळ्यांसमोर ती गाठ सोडली आणि म्हणाले, "हे बघा माझे दात. मोडले त्यानं." दात माझ्या तोंडात जिथल्या तिथं होते. त्याच दातांनी मी हे वाक्य बोलत होते. पण एवढं कळायला अक्कल लागते, आणि त्या वयात माझ्याकडं अक्कल सोडून बाकी सगळं होतं: लांब वेणी, तिखट जीभ आणि साऱ्या जगावर संशय.

संशय काही मी बाहेरून आणला नव्हता. आमच्या घरात ज्वारीच्या खालोखाल त्याचंच पीक चांगलं यायचं. येडशीच्या पलीकडं आमचं गाव, काळी जमीन, दोन बैल, पुढं अंगण आणि मागं गोठा. घरात आबा, आई, मी, आणि आबांची थोरली बहीण. ती नवरा गेल्यावर माहेरी आलेली. तिला आम्ही नुसतं आत्या म्हणायचो आणि गावही आत्याच म्हणायचं. माझा दादा साखर कारखान्यावर कामाला, सुट्टी मिळेल तसा यायचा. आत्याचा कुणावरच भरवसा नव्हता. तेलवाल्याचं तेल ती आधी तळहातावर चोळून हुंगायची, मग नाक वाकडं करून घ्यायची. मास्तर फुकट शिकवतात तर त्यात त्यांचा काय फायदा, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचा विश्वास बसला होता तो एकाच वस्तूवर, आणि ती म्हणजे तिची मिश्री.

आजकालच्या पोरींना मिश्री सांगावी लागते, म्हणून सांगते. बाजारातून तंबाखूची पानं आणायची, फुटक्या तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची, आणि त्या पुडीनं सकाळी उठल्याबरोबर बोटानं दात घासत बसायचं. घासायचं म्हणजे काय, तोंडात धरून बसायचं. भाजण्याचा कार्यक्रम गोठ्यामागं व्हायचा. तो धूर असा की आधी कोंबड्या पांगायच्या, मग बैल शिंकायचे, आणि सगळ्यात शेवटी घरातून आईचा खोकला ऐकू यायचा. माझ्या लहानपणची सकाळ मला आजही आवाजानं आठवते: आईची भाकरी थापण्याची थपथप, आबांची बादली, आणि ओट्यावर बसलेल्या आत्याचं हुंकारणं. तिचं बोट तोंडात असायचं, त्यामुळं ती बोलायची नाही. नुसती "अंऽ", "अंहं", "ऊंऽऽ" करायची. पण त्या तीन आवाजांत ती सगळं घर चालवायची. मोठ्या "ऊंऽऽ" चा अर्थ, शेरडं सुटलीत.

मिश्री कुटायचं काम माझ्याकडं होतं. कुटणारीनं बोट चाटलं नाही, असं कधी झालंय का? पहिल्या दिवशी घेरी आली, भिंत धरून बसले, आणि ठरवलं की पुन्हा या वाटेला जायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दिवाळी येईपर्यंत माझी स्वतःची डबी झाली होती, काजळाची रिकामी डबी. आत्याला ते ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघून एक डोळा बारीक करायची, आणि मला वाटायचं आपण आता बायकांत आलो. आबांची मात्र ताकीद होती, की घरातल्या पोरीनं मिश्रीला बोट लावायचं नाही. बहीण थोरली, तिला त्यांना बोलता येत नव्हतं. पण माझ्या हातात डबी दिसली असती तर त्यांनी मला सोलून काढलं असतं. का, ते विचारायची सोय नव्हती. एवढं माहीत होतं की आबांची आई गालाच्या आतल्या जखमेनं गेली. शेवटी तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती, आणि तिची डबी उशाशीच होती. या दोन गोष्टी मी एकमेकींच्या शेजारी कधी ठेवून बघितल्याच नाहीत. ठेवल्या असत्या तरी मी म्हणाले असते, त्यात काहीतरी काळंबेरं असणार.

अशा घरात पुढच्या उन्हाळ्यात दादाची बायको आली, सोलापूरची. कुसुमवहिनी. अंगानं बारीक, बोलायला हळू, आणि चालताना पाय वाजायचे नाहीत. आत्याला तेवढं पुरे झालं. "पाय वाजत न्हायत त्या बाईचं मन कुटं आसतंय ते कळत न्हाय," असं ती मला म्हणाली. वहिनीनं माहेरून दोन नवलाच्या वस्तू आणल्या होत्या. एक गवती चहाचा ठोंब, तो तिनं न्हाणीच्या पाण्याची वाट जिथून जायची तिथं लावला. बघता बघता त्याचं एवढं बेट झालं की मागं माणूस बसलं तर दिसू नये. माझी डबी काढून बसायला मला दुसरी जागाच उरली नाही, इतकी ती जागा सोयीची होती. आबांना त्या चहाचा नाद लागला. ते साध्या चहाला तोंड लावीनात. बशीत ओतून फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "ह्या चहाला काय तरी येगळाच गुण हाय बगा. पेला की डोस्कं कसं ठिकाणावर येतंय."

दुसरी वस्तू म्हणजे दातांचा ब्रश. कोनाड्यात पितळी पेल्यात तो उभा असायचा, शेजारी पेस्टची ट्यूब. सकाळी ती ब्रश करायची त्याचं कुणाला काही वाटलं नाही. शहरातली आहे, करू दे. पण ती रात्री जेवण झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर पुन्हा दात घासायची! खसखस, खसखस, मग चूळ, मग गुपचूप आत. आमच्या गावात आजवर कुणी रात्री दात घासले नव्हते. आत्यानं दोन दिवस तो आवाज ऐकून घेतला आणि तिसऱ्या दिवशी मला गोठ्याकडं ओढलं.

"मंदे, सकाळी तोंड धुतंय ते मानूस. रातच्याला तोंड कोन धुतंय? ज्येला काय तरी पुसायचं आसतंय त्यो."

"म्हंजी?"

"म्हंजी चोरून खाती. आन वास मारती."

हे मला लगेच पटलं. पटायला आणखी एक कारण होतं. त्याच दिवसांत मडक्यातला गूळ कमी होऊ लागला होता आणि आई रोज मडक्यात डोकावून सुस्कारा टाकत होती. गूळ कुठं जातो हे मला अगदी नेमकं ठाऊक होतं, कारण तो माझ्याच तोंडात जात होता. झोपताना एक खडा गालात धरला की तो विरघळेपर्यंत झोप लागायची. पण मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची आमच्या घरात रीत नव्हती. उलट वहिनीवर पाळत ठेवायचं काम आत्यानं माझ्यावरच सोपवलं. चोरावरच राखण! मी ते मन लावून केलं. एके रात्री वहिनीपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "वैनी, जरा हा करा की." ती हसली आणि माझ्या तोंडावर तिनं हाऽऽ केलं. मी धावत जाऊन आत्याला सांगितलं, लवंगेचा वास येतोय.

"बग," आत्या म्हणाली, "लवंग कशाला लागती मानसाला? दुसरा वास झाकायला."

मी वहिनीला सरळ विचारलंही होतं, की रात्री का घासता. तिचा मामा सोलापुरात एका दातांच्या डॉक्टरकडं कंपाउंडर होता, त्यानं लहानपणापासून सवय लावली होती. "वन्सं," ती म्हणाली, "रातभर तोंड मिटलेलं आसतंय. दातात आडकलेलं आन तितंच कुजतंय. आपन खरकटी भांडी तशीच ठिवून निजतो का?" हे मी आत्याला जसंच्या तसं ऐकवलं. आत्या म्हणाली, "भांडं आन तोंड एक व्हय गं? भांड्याला काय थुका सुटतोय?" थुका सुटत नाही हे खरंच होतं, म्हणून मी आत्याच्या बाजूनं राहिले. आज माझी नातसून रात्री पोरांच्या मागं ब्रश घेऊन धावते तेव्हा मला आत्या आठवते. तिनं या पोरांना बघितलं असतं तर म्हणाली असती, कशी चोरांची औलाद जन्माला आलीय.

हुरड्याच्या दिवसांत माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. उसाच्या पांढऱ्या कांड्याला दात लावला की लाल उमटायचं, भाकरीचा काठ लाल व्हायचा. माझ्या खालच्या पुढच्या दातांमागं कीटणाचा असा थर बसला होता की जीभ लावली तर ओबडधोबड बांध लागायचा. आत्यानं तुरटी लावली, लवंग धरायला दिली, आणि कानात सांगितलं की मिश्री जरा जास्त लाव, हिरड्या आवळतील. मी इमानानं लावली. रक्त काही थांबेना. शेवटी शेतात आगटीभोवती सगळे हुरडा खात बसलेले, कोवळी कणसं, शेंगदाण्याची चटणी, दही. आणि मी नुसती बघत बसले. आबांनी ते बघितलं. तेव्हा वहिनी डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "मामंजी, वन्संला एकदा धाराशिवला दावू. दात साफ करून घेतलं की हिरड्या धरतील."

"साफ म्हंजी?" आत्या कडाडली. "खरवडून? आगं कीटण म्हंजी दाताचा गिलावा आसतोय. गिलावा काढला तर भित पडंल का ऱ्हाईल? हत्यार लागलं त्यो दात गेलाच म्हनून समज. ह्या पोरीला आत्ताच बोळकी करून घरात ठिवायची हाय का तुला?"

आबा कणसं चोळत राहिले. मग म्हणाले, "हुरडा खाईना झालीय पोरगी. घिऊन जा." बाकी कशापेक्षा पोरगी हुरडा खात नाही हेच त्यांना लागलं होतं. मी मात्र भिंतीचा विचार करत होते. आमच्या गोठ्याची एक भिंत गिलावा निघाल्यावर खरंच पडली होती, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

एसटीनं आम्ही दोघी धाराशिवला गेलो. कपड्याच्या दुकानावर लाकडी जिना चढून डॉक्टरची खोली होती. आत न्हाव्यासारखी खुर्ची, शेजारी पांढरं चिनीचं भांडं, आणि फळीवर दातांची एक आख्खी कवळी जबडा वासून बसलेली. ती शिकवण्यासाठी ठेवलेली प्लॅस्टरची होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या आधी आलेलीचे काढून ठेवलेत. डॉक्टर वयानं बेताचे, चष्मेवाले. त्यांनी माझं तोंड उघडून आरशाची काडी आत घातली आणि विचारलं, "मिश्री लावतेस?"

मी जोरात मान हलवली, नाही.

"पोरगी नाही म्हणतेय," ते वहिनीला म्हणाले, "आणि दात हो म्हणतायत. कुणाचं ऐकू?"

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. डॉक्टरांनी मग माझा गाल बाहेर ओढला आणि आरशात मलाच दाखवला. आत एक पांढुरका चट्टा होता, दुधाची साय चिकटावी तसा. "ही जिथं धरून बसतेस ना, तिथंच आहे बघ. आत्ता सोडलीस तर बहुतेक जाईल. नाही सोडलीस तर पुढचं मी सांगू शकत नाही." मी आरशात बघितलं आणि मनात म्हणाले, लागला घाबरवायला. आत्यानं येताना बजावलंच होतं, डॉक्टर आधी भ्या घालतोय आन मग हत्यार काढतोय. आणि त्यांनी हत्यार काढलंच.

तो आवाज! पाटीवर कुणी कवडी उलटी ओढावी तसा, आणि तो बाहेरून नव्हे, आपल्याच कवटीच्या आतून येतो. कर्र, कर्र, मग टक करून काहीतरी सुटायचं, आणि डॉक्टर म्हणायचे, थुंक. भांड्यात पिवळे-काळे खडे पडत होते. एक तर तांदळाच्या दाण्याएवढा. मी ते बघितलं आणि मनात ओरडले: दात! थांबा म्हणावं तर तोंडात हत्यार. सगळं झाल्यावर जीभ फिरवली, तर दात बारीक झालेले, त्यांच्यामध्ये फटी, आणि फटींतून गार वारा. डॉक्टर म्हणाले, "फटी आधीपासूनच होत्या, कीटणानं बुजल्या होत्या. थोडे दिवस गार लागेल, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भर. मऊ ब्रश घे, हिरडीपासून दाताकडं फिरव, रगडायचं नाही. आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, दुखत नसलं तरी." दुखत नसलं तरी! जो माणूस दुखत नसताना बोलावतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? ते हात धुवायला वळले, वहिनी जिन्याकडं चप्पल घालायला गेली, आणि मी भांड्यातले खडे वेचून रुमालात बांधले. पुरावा हातात असावा.

खरं सांगायचं तर आजही मी दर सहा महिन्यांनी धाराशिवला जाते. आता तिथं पाण्याचा फवारा उडवणारं यंत्र आहे, छताला टीव्ही आहे, आणि डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची आहे. पण काम झाल्यावर मी भांड्यात वाकून बघतेच. ती हसते. हसू दे. सवय आहे.

जिना उतरताना मी वहिनीचा हात धरला आणि रडकुंडीला आले. "वैनी, मिश्रीचं घरी सांगू नगा. आबा माज्या चामड्याचे जोडे करतील."

ती एक पायरी खाली थांबली. "न्हाय सांगत. पर तुमी सोडायची."

मी मान हलवली, हो. मघाशी जी मान नाही म्हणून हलवली होती, तीच. खाली उतरल्यावर तिनं माझ्यासाठी एक ब्रश विकत घेतला, हिरव्या दांड्याचा. मी तो हातात घेतला नाही. तिनं आपल्या पिशवीत टाकला.

एसटीच्या खिडकीतून गार वारा येत होता आणि प्रत्येक झुळकीला माझे दात ठणकत होते. जिभेनं मी फटी मोजत होते. शेजारी वहिनी गप्प बसलेली, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचा मला संशय यायला लागला. तिचा मामा दातांच्या डॉक्टरकडं. म्हणजे ही सगळी एका माळेतली. हिनंच मला नेलं. शिवाय आता माझं गुपित हिच्या पदराला बांधलेलं. ती मनात येईल तेव्हा गाठ सोडणार, आणि मला आयुष्यभर हिच्यापुढं नाक घासावं लागणार. येडशी मागं पडेपर्यंत माझा निर्णय झाला होता. जिच्या हातात आपलं गुपित आहे, तिच्यावर आपण आधी बोट दाखवावं, म्हणजे मग तिचं कुणी ऐकत नाही. एवढी वकिली बुद्धी माझ्यात होती, पण ती अभ्यासात कधी दिसली नाही.

घरी आल्यावर आईनं माठातलं पाणी दिलं. ते दाताला लागलं आणि मी खरोखर किंचाळले. आत्या ओट्यावरून उठली. मी रुमाल काढला, अंगणात उकिडवी बसले आणि गाठ सोडली. पुढचं वर सांगितलंच आहे.

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "गेले! पोरीचे दात गेले! म्या सांगत हुते का न्हाय? आता कोन करंल हिला? आगं दादाच्या बायकू, तू घर बुडवाया आलीस का नांदाया?" शेजारच्या दोघी कुंपणाशी आल्या. आई रुमालाकडं बघून डोळ्याला पदर लावून बसली. आत्याला जोर चढत गेला. रातच्या दात घासण्यापासून गुळाच्या मडक्यापर्यंत सगळं तिनं एकदाच बाहेर काढलं, आणि शेवटी म्हणाली, "हिच्या बापाला निरोप धाडा. घिऊन जा म्हनावं तुमची लेक. आमाला आमचे दात पायजेत."

वहिनी उंबऱ्याशी उभी होती, चप्पलसुद्धा काढलेली नव्हती. दादा घरी नव्हता, आणि माहेराहून सासरी येऊन तिला वर्षही झालेलं नव्हतं. ती एक वाक्य बोलली असती, की ही मिश्री लावते, तर सगळं माझ्यावर उलटलं असतं. मी त्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. गोठ्यातून आबा आले, हात पुसत. त्यांनी रुमाल बघितला, मला बघितलं, मग तिच्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, तुमी बोला की कायतरी."

"मामंजी," ती म्हणाली, "तुमी बैलाचं दात बगता. वन्संचे बी बगा."

बैलबाजारात आबांना माणसं मुद्दाम घेऊन जात. दोन दाती आहे, चार दाती आहे, का सगळे दात येऊन जुळलाय, हे ते जबड्यात बोट घालून डोळे मिटून सांगायचे. त्यांनी मला उन्हाकडं तोंड करून बसवलं, एका हातानं हनुवटी धरली, अंगठ्यानं ओठ वर केला, खाली केला, आणि एकेक दात चाचपला. सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर. बैलाला तरी मागं सरकता येतं.

"सगळे हायेत," ते म्हणाले. "येकाची कड सुदिक उडाली न्हाय. पैल्यांदाच असे नीट दिसायलेत."

मग त्यांनी रुमालातला तो मोठा खडा उचलला. दोन नखांत धरून दाबला. त्याचा चुरा झाला. तो चुरा त्यांनी नाकाशी नेला, तेलवाल्याचं तेल आत्या हुंगते तसाच, आणि तिथंच थांबले. तो वास त्यांनी आपल्या आईच्या उशाशी बसून घेतलेला होता. त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा हात हळूच खाली आला.

"ह्यो दात न्हाय," ते म्हणाले. "ही मिश्री हाय. कदीपास्नं लावतीस?"

मला वाटलं होतं ते मारतील. ते मारायला उठलेच नाहीत. ते तिथंच जमिनीवर बसले, माझा गाल दोन बोटांनी बाहेर ओढून आत बघितला, आणि बराच वेळ बघत राहिले. डॉक्टरनं आरशात दाखवलेलं तेव्हा मी घाबरले नव्हते. आबांच्या तोंडाकडं बघून घाबरले. "कुनी शिकिवली?" त्यांनी विचारलं. मी आत्याकडं बघितलं. आत्या अंगणातल्या एका कोंबडीकडं असं लक्ष देऊन बघत होती, की जणू ती कोंबडी पहिल्यांदाच दिसतेय. आई उठली, गवती चहाच्या बेटामागं गेली, माझी काजळाची डबी घेऊन आली आणि चुलीत टाकली. तिला जागा बरोबर ठाऊक होती. जाता जाता एवढंच म्हणाली, "गूळ बी हिनंच खाल्लाय."

त्यानंतर सोलापूरला निरोप धाडायचं नाव कुणी काढलं नाही. आबा दर सोमवारी मला उन्हात बसवून गाल बघायचे, आणि तो चट्टा हळूहळू विरत गेला. डॉक्टरनं सांगितलं होतं तसाच. आत्यानं मिश्री सोडली नाही; तिचे दात एकेक करून गेले, गिलाव्यासकट. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवले नाही, आणि मला जेव म्हणून कुणी म्हटलंही नाही. भांड्यांचा आवाज थांबला, आणि मग न्हाणीपाशी नेहमीचं खसखस सुरू झालं. मी तिथं जाऊन उभी राहिले. कोनाड्यातल्या पितळी पेल्यात वहिनीच्या ब्रशशेजारी हिरव्या दांड्याचा ब्रश उभा होता. विचारलं, "वैनी, तुमी आबांपुढं सांगितलं का न्हाय?" तिनं शांतपणे चूळ भरली, पदराला तोंड पुसलं, हिरवा ब्रश काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली:

"सांगनार न्हाय म्हनलं हुतं, मग न्हाय सांगितलं. आता हितं उब्या ऱ्हावा आन घासा. रातच्याला एकटी घासली की लोकांला चोरी वाटती, दोगी घासल्या की रीत हुती. आन वन्सं, थुकायचं ते मोरीत थुका, माज्या गवती चहावर नगं. दिवाळीपास्नं पाती धुऊन धुऊन दमले मी. मामंजी रोज तेचाच चहा पित्यात."